कोल्हापुरात राहून स्टिल लाइफ आणि फॅशनसाठी संदर्भ कुठं शोधायचे?

मृगाचा_पाऊस

नमस्कार मंडळी. मी फोटोग्राफीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोल्हापुरातच. यंदा दोन प्रकल्प करायचे आहेत, एक स्टिल लाइफ (म्हणजे वस्तू मांडून काढलेले फोटो) आणि एक फॅशन. फोटो काढायच्या आधी दोन्हींची संदर्भ-वही द्यायची आहे. कुणाचं काम पाहिलं, त्यातलं काय भिडलं, आपल्या फोटोत ते कुठं उतरणार, हे सगळं त्यात मांडायचं.

पिंटरेस्ट उघडलं की तेच ते दिसतं. चुरगळलेलं लिनन, अर्धं कापलेलं डाळिंब, बाजूला वाळलेलं गवत. फॅशनमध्ये कोरी भिंत आणि तिरपं ऊन. दिसायला सुंदर आहे, पण आमच्या घरात, गल्लीत असं काही नसतं. आणि 'कोल्हापूर' टाकून शोधलं की नथ, फेटा, तांबडा-पांढरा, म्हणजे पर्यटनाची जाहिरात. मला या दोन्हींच्या मधलं हवं आहे आणि ते कुठं बघायचं हेच कळत नाही.

साधनं अशी: क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, पन्नासची लेन्स, ट्रायपॉड, एक छोटा फ्लॅश. घर मंगळवार पेठेत, माडीवर उत्तरेकडं एक मोठी खिडकी आहे. जाणकारांनी मनापासून सांगा. टीकाही चालेल.

पंचगंगा_काठ

प्रॉडक्ट फोटोग्राफी हा माझा धंदा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे दोन वेगळ्या वह्या करू नकोस, एकच कर. कारण सांगतो. अर्व्हिंग पेन या अमेरिकन फोटोग्राफरचं 'व्होग'साठीचं पहिलं मुखपृष्ठ १ ऑक्टोबर १९४३ च्या अंकावर आलं. फॅशनचं एवढं नावाजलेलं नियतकालिक, आणि मुखपृष्ठावर माणूसच नाही. हातमोजे, पट्टा, पर्स आणि लिंबं. निव्वळ वस्तूंची मांडणी. पण बघताना ते सगळं वापरणारी बाई डोळ्यांसमोर उभी राहते. पुढं आयुष्यभर त्यांनी दोन्ही कामं जोडीनं केली. कपड्यातल्या माणसाकडं ते वस्तूसारखं निरखून बघायचे आणि वस्तूकडं माणसासारखं. रस्त्यावर पडलेली सिगारेटची थोटकं उचलून स्टुडिओत आणून १९७२ साली त्यांनी जी मालिका केली, ती बघ. थोटकं खांबांसारखी उभी दिसतात.

दुसरं, त्यांचीच १९५०-५१ ची 'लहान धंदे' मालिका. पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमधले खाटीक, बेकरीवाले, भाजीवाले कामाच्या कपड्यांत, हातात आपापली अवजारं घेऊन साध्या पडद्यासमोर उभे आहेत. उजेड दिवसाचा. मला विचारशील तर तुझा फॅशनचा प्रकल्प इथंच आहे. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर पेन यांचं पुष्कळ काम नीट बघता येतं. तिथं बघ. पिंटरेस्टवर कापलेलं आणि रंग बदललेलं असतं.

स्टिल लाइफसाठी एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरची १९३० ची ढोबळी मिरची बघ. मिरची त्यांनी पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती, त्यामुळं तिच्या भोवती सगळीकडून मऊ उजेड फिरला. नरसाळं आपल्याकडं तेला-रॉकेलच्या दुकानात लोळत पडलेलं असायचं. मिरची कपिलतीर्थ मंडईत मिळेल. करून बघ. नक्कल म्हणून नको, उजेड कसा फिरतो ते कळावं म्हणून.

कोटितीर्थ

मी चित्रकला शिकवायचो, आता निवृत्त आहे. बाळ, तुझा प्रश्न योग्य आहे आणि उत्तर तुझ्या पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

टाऊन हॉल म्युझियममध्ये जा. आबालाल रहिमान यांची चित्रं तिथं आहेत. ते जे. जे. स्कूलमध्ये शिकले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले आणि १९३१ मध्ये गेले. रंकाळा, कोटितीर्थ याच परिसरात हिंडून त्यांनी उजेड रंगवला. चित्रासमोर उभं राहून एवढंच बघ की सर्वांत उजळ जागा कुठली आणि सर्वांत गडद कुठली, आणि दोन्हींच्या मध्ये किती पायऱ्या आहेत. वहीत पेन्सिलीनं तेवढेच ठोकळे काढ. रेखाटन येत नसेल तरी चालेल, हे ठोकळे फोटो काढतानाही उपयोगी पडतात. तिथंच ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती आहे. रोमशी व्यापार चालायचा तेव्हाची. हाताएवढी वस्तू उजेडात ठेवली की किती मोठी वाटू शकते, ते तिच्यासमोर कळतं.

आता तुझ्या खिडकीबद्दल. 'उत्तरेची खिडकी म्हणजे दिवसभर एकसारखा उजेड' असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. ते युरोपसाठी बऱ्याच अंशी खरं आहे. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य भर दुपारीही आपल्या उत्तरेला असतो. शिवाय मार्चअखेर ते सप्टेंबर तो उगवतो आणि मावळतो पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला झुकून, म्हणजे सकाळ-संध्याकाळ तुझ्या खिडकीत थेट ऊन येणार. दिवाळीनंतर मात्र तीच खिडकी सोन्यासारखी. स्टिल लाइफ नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरक. उन्हाळ्यात करायचंच तर खिडकीला बटर पेपर लाव.

किरणोत्सवाचंही हेच गणित आहे. अंबाबाईच्या देवळात मावळतीचे किरण नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखेला आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला आत येतात. दोन्ही वेळा सूर्य आकाशात जवळपास त्याच जागी असतो, क्षितिजावर त्याच ठिकाणी मावळतो, म्हणून महाद्वारातून तो थेट गाभाऱ्याच्या रेषेत येतो. आत कॅमेरा काढायचा विचारही करू नकोस. पण शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी उजेड येण्याची दिशा आणि दिवस धरून वास्तू बांधली, हे तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर असावं असं मला वाटतं.

सातासमुद्रापार_करवीर

सरांनी अक्षांशाचं सांगितलं ते वाचून अंगावर काटा आला. इतकी वर्षं फोटो काढतोय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

माझी भर थोडीच. सतराव्या शतकातली डच वस्तुचित्रं अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावरून मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतात. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनंही २०१७ पासून आपल्या संग्रहातली हक्कमुक्त चित्रं खुली केली आहेत. विलेम क्लास हेडा या डच चित्रकारानं रंगवलेलं चांदीचं भांडं मोठं करून बघ, त्यात अख्खी खिडकी दिसते.

आणि स्पेनचा चित्रकार सांचेस कोतान बघच. १६०२ च्या सुमाराचं चित्र आहे, काळ्या चौकटीत दोरीला टांगलेलं फळ आणि कोबी, खाली कापलेलं खरबूज आणि काकडी. तिकडं अन्न टिकावं म्हणून टांगून ठेवायचे. आजीच्या स्वयंपाकघरातलं शिंकं आठवतंय का कुणाला? लसणाच्या माळा, कांद्याची जुडी, दुधाचं शिंकं. टांगलेल्या वस्तू हा आपलाही विषय आहे आणि त्याला पर्यटनाचा वास नाही.

मुंबईत_असिस्टंट

मी फॅशन स्टुडिओत काम करतो, गाव कागल. एकच विनंती, कोल्हापुरी चप्पल घेऊ नकोस.

जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या पुरुषांच्या शोमध्ये आपल्या चपलेसारख्या सँडल दिसल्या, कोल्हापूरचा उल्लेख नव्हता, आणि इकडं संताप झाला. पुढं त्यांनी प्रेरणा मान्य केली. पण तेव्हापासून प्रत्येक पोर्टफोलिओत चप्पल आहे. शंभरातल्या साठ मुलांचा विषय तोच. परीक्षक कंटाळलेत.

त्यापेक्षा इचलकरंजी घे. यंत्रमागाचं शहर. कारखान्यातल्या कोऱ्या कापडाचे तागे, सूत गुंडाळलेल्या कांड्या, कामगारांचे बनियन आणि लुंगी. हा फॅशनचा विषय आहे आणि कुणी हात लावलेला नाही.

वेणीवाली

दादा, तुमचं मत वाचलं. आमच्या घरात चार पिढ्या चपला होतात, म्हणून बोलते.

प्रत्येक पोर्टफोलिओत चप्पल आहे म्हणता, पण ती कुठली चप्पल? तयार झालेली, पॉलिश केलेली, पिवळ्या भिंतीसमोर ठेवलेली. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, उन्हात वाळवतात, मग रापीनं कापतात, आरीनं भोकं पाडून चामड्याच्याच वादीनं शिवतात. पट्टा वेगळा, अंगठा वेगळा, कान वेगळे. ते सुटे पडलेले असतात तेव्हा काय दिसतं ते कुणी बघितलंय का? वेणी घालायचं काम आमच्यात बाया करतात. माझी आई बोलत बोलत वेणी घालते, हाताकडं बघत पण नाही. हे पोर्टफोलिओत कुणाच्या आहे?

कापशी, पुकारी, बक्कलनाली, कुरुंदवाडी, प्रत्येक नमुन्याचा बांधा वेगळा. चपलेला २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून. तरी बाहेरच्याला सगळी एकच 'कोल्हापुरी'.

ताई, चपलेवर करायचं असेल तर कर. मात्र एक सांगते. लोक येतात, फोटो काढतात, जातात. नंतर ते फोटो कुठं लागतात आम्हाला कळत नाही. आईचा फोटो कुठल्यातरी प्रदर्शनात बघितलेल्या बाईनं आम्हाला सांगितलं. खाली लिहिलं होतं 'एक कारागीर'. आईला नाव आहे. विचारून लिही, आणि फोटोची एक छापील प्रत घरी दे. मोबाईलवर पाठवलेलं आमच्यात कुणी ठेवत नाही.

मुंबईत_असिस्टंट

ताई, तुमचं पटलं. मी तयार चपलेच्या फोटोंबद्दल बोलत होतो. सुट्या भागांवर केलेलं काम मी तरी पाहिलेलं नाही. इचलकरंजीचं मत मात्र कायम आहे.

पंचगंगा_काठ

वेणीवाली ताई, धन्यवाद. धाग्यातली सर्वांत कामाची पोस्ट तुमची आहे.

मृगा, या सुट्या भागांच्या फोटोसाठी उजेड अगदी कडेनं, जवळजवळ टेबलाला समांतर टाक. चामड्याची रंध्रं, आरीची भोकं, वादीचा पीळ तेव्हाच उठून येतो. वरून उजेड टाकलास तर सगळं सपाट. समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा ठेवशील, पण फार जवळ नको, सावली जिवंत राहू दे. एफ ११ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान ठेवून, ट्रायपॉडवरून काढ. झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं ऊन आणि तेल लागून गडद होत जातं, म्हणजे नवं कातडं, महिन्याभराचं आणि वापरून झालेलं अशी रंगांची पट्टी आपोआप मिळेल. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा समतोल) आपोआपवर ठेवू नकोस, नाहीतर कॅमेरा तो तांबूसपणा खाऊन टाकेल.

पायात घातलेल्या चपलेसाठी गी बुर्दँ यांचं काम बघ. फ्रेंच फोटोग्राफर, शार्ल जुर्दाँ या बुटांच्या कंपनीसाठी वर्षानुवर्षं जाहिराती केल्या. १९७९ मध्ये ते ब्रिटनभर हिंडले आणि मॅनेकिनचे नुसते पाय बूट घालून रस्त्यावर, बाकावर, समुद्रकाठी उभे केले. माणूस नाही, तरी कोण कुठं चाललंय याची गोष्ट दिसते.

गुजरीकर

दागिने कुणी काढले नाहीत म्हणून लिहितो. कोल्हापुरी साजाची पदकं एकवीस. त्यात दशावताराची दहा, अष्टमंगलाची आठ, एक माणकाचं, एक पाचूचं आणि शेवटचं डोरलं. मासा, कासव, चंद्र, बेलपान असे आकार. गुजरीत ही पदकं सुटी, ओवायच्या आधी, ताटात पडलेली असतात. चपलेसारखंच. हुपरीला जाशील तर चांदीचे पैंजण घडताना बघायला मिळतील. ठोकताना, जोडताना ते काळपट असतात, पांढरा लखलखाट शेवटी येतो. काळपट अवस्थेतच फोटो काढ असं माझं मत.

चांदी चमकते त्याचा त्रास होणार. आमच्याकडं फोटो काढायला आलेले पोरगे स्वतःच पैंजणात दिसतात.

पंचगंगा_काठ

चांदी-पितळेचा फोटो म्हणजे भोवतालचा फोटो, कारण धातूला जे समोर येतं तेच तो दाखवतो. म्हणून धातूवर उजेड टाकायच्या मागं लागू नये. धातूला काय दिसायला हवं ते ठरवावं. पांढरा कापडी तंबू करून लेन्सपुरतं भोक ठेव. मग एका बाजूला काळ्या कार्डाची अरुंद पट्टी उभी कर. धातूच्या कडेला एक काळी रेघ येते आणि आकार उठून दिसतो. ती रेघ नसली की पैंजण पांढऱ्यात विरघळतं. पोलरायझर इथं फारसा कामाचा नाही, उघड्या धातूवरची चकाकी त्यानं जात नाही. काचेवरची, पॉलिश केलेल्या लाकडावरची कमी होते.

आणि काकवी विसरू नकोस. कोल्हापुरी गुळाला २०१४ ला मानांकन मिळालंय, हंगामात गुऱ्हाळावर गेलीस तर बाटलीभर काकवी मिळेल. काचेच्या भांड्यात ओतून मागून उजेड दे. त्या तांबूस-सोनेरी रंगाला कसलंही फिल्टर लागत नाही. माझ्या आवडत्या वस्तूंत ती पहिल्या तिघांत आहे.

लाल_माती

भावांनो, तालीम राहिली की. गंगावेस म्हणा, मोतीबाग म्हणा, पहाटेचा उजेड बघायला या. आखाड्याची माती साधी नसते, त्यात हळद, तेल, ताक, लिंबू घालून ती मळतात. पैलवानाच्या अंगाला ती लागली की रंग असा काय उठतो, लै भारी. पण वस्तादांना विचारून यायचं. चप्पल बाहेर काढायची. आखाड्यात पाय टाकायचा नाही. फ्लॅश तर अजिबात नको, पोरं जोर-बैठका मारत असतात, डोळे दिपतात.

टांगलेले लंगोट, मुद्गल, हलगी, भिंतीवर हनुमंताची तसबीर. ताई म्हणाली तसा सुट्या वस्तूंचा फोटो इथं पण होतोय.

मृगाचा_पाऊस

मी हे सगळं वाचून खूप वेळ नुसती बसून राहिले. वहीत लिहायला घेतलं तर प्रकल्पाचा विषयच बदलला. आधी मी 'वस्तू' आणि 'कपडे' शोधत होते. आता वाटतंय की घडत असलेली वस्तू आणि ती घडवणाऱ्याचे कामाचे कपडे हा एकच विषय आहे. डाव्या पानावर सुटे भाग, उजव्या पानावर ते हातात धरलेलं माणूस, पूर्ण उभं, कामाच्या पेहरावात. चप्पल, साज, पैंजण, माग, तालीम.

शंका दोन. एक, उजव्या पानाला फॅशन म्हणतील का? दोन, पेन यांच्या मालिकेतला तो पडदा मला कुठून मिळणार? तयार मिळणारे छापील पडदे फार खोटे दिसतात.

मुंबईत_असिस्टंट

फॅशन म्हणतील, जर तू कपड्याकडं तेवढंच लक्ष दिलंस तर. पोझ, पदर कुठं खोचलाय, बाही किती वर चढवली आहे, घडी कुठं मोडते, हे नीट बघून ठरव. नऊवारीचा काष्टा घालून काम करणारी बाई उभी राहते ती कपड्यामुळंच तशी उभी राहते. तेवढं दिसलं की ती फॅशन. मात्र तिला सणाची साडी नेसायला लावू नकोस.

कोटितीर्थ

पडद्याचं मी सांगतो आणि इथं मला फार आनंद होतोय. पेन यांनी वापरलेला पडदा पॅरिसमधला जुना नाटकाचा पडदा होता. आणि कोल्हापूर हे पडदे रंगवणाऱ्यांचंच गाव. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. त्यातूनच पुढं कॅमेऱ्याकडं वळले. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबूरावांनी काम पुढं नेलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. म्हणजे रंगवलेल्या पडद्यासमोर माणूस उभं करणं ही तुझ्या गावाची शंभर वर्षांची परंपरा आहे. वहीत पेन यांच्या शेजारी यांचं पान हवंच.

पडदा घरी होतो. मांजरपाट घे, दोन पन्हे जोडून साधारण आठ फूट रुंद आणि दहा फूट लांब शिव. आधी सरस आणि खडूच्या भुकटीचा पातळ हात मार, म्हणजे कापड रंग पिणार नाही. मग डिस्टेंपर, करडा, त्यात किंचित मातकट. मोठ्या ब्रशनं वेडेवाकडे, अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा फटकारे मार. मध्यभाग थोडा उजळ, कडा गडद. ठळक आकार दिसायला लागला तर ओल्या फडक्यानं पुस. गुंडाळून ठेव, घडी घालू नकोस, भेगा पडतात. माणूस पडद्यापासून पाच-सहा फूट पुढं उभं कर.

इकडचा_तिकडचा

खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर पण बघून ये, कोल्हापूरपासून साठेक किलोमीटर. स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी उजेड सरळ खाली उतरतो, वर सरांनी सांगितलेलंच गणित. शिल्पांतल्या बायकांचे दागिने, मेखला, केशरचना वहीत उतरवून घे. पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉडला परवानगी लागते.

मृगाचा_पाऊस

सर, मांजरपाट आजच आणते. आनंदराव-बाबूरावांचं पान लिहायला घेतलं आहे. इचलकरंजीला पुढच्या महिन्यात जाईन, तालमीत एका मित्राच्या ओळखीनं वस्तादांना विचारलं आहे.

वेणीवाली ताई, सुरुवात तुमच्याकडून करायची आहे. कॅमेरा पहिल्या दिवशी आणणार नाही, नुसती बघायला येईन. रविवारी चालेल का?

वेणीवाली

रविवारी नको, काम बंद असतं, बघायला काही मिळणार नाही. मंगळवारी दहाच्या पुढं सुभाषनगरला ये, कातडं उन्हात घातलेलं असतंय आणि आई पण निवांत बसलेली असते. जेवूनच जा. आणि कॅमेरा आण की, पिशवीत राहू दे. आईला आवडलं तर तीच म्हणेल काढ म्हणून.